अण्णांचा दहावा आणि माझी ऑटोमॅटिक गाडी

बटण दाबलं की गाडी बंद होते, असा माझा समज होता. तो अण्णांच्या दहाव्याला, साऱ्या माले गावासमोर दूर झाला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, भाताच्या बांधावरच गेले. मी तेव्हा हिंजवडीत कॉम्प्युटरसमोर होतो. दहाव्याच्या सकाळी पौडहून सामान आणायला मला उशीर झाला. नदीच्या घाटाच्या वर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, बटण दाबलं, इंजिन थांबलं आणि पळालो. (आधी गिअरचा दांडा ‘पी’वर न्यायचा असतो. माझा ‘डी’वरच होता.)

डोकं भादरलं, पिंड ठेवले, सगळे मागे सरले. कावळे झाडावर होते, पण एकही खाली येईना. वर कुणाची तरी गाडी सारखी टीं टीं करत होती.

"लोकांना काळवेळ कळत नाही," मी मोठ्यानं म्हणालो.

गावानं एकदा वर गाडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. (त्यांना वाटलं, एवढ्या महागाच्या गाडीचं असंच असत असेल.)

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. ती ओळखून वचन द्यायचं. आई पहाटेपासून उपाशी बसली होती. कावळा शिवल्याशिवाय ती पाणीही घेणार नव्हती.

"बोल बाबा कायतरी," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे माझे चुलते. "वहिनीत जीव आडकला आसंल त्यांचा."

"अण्णा, आईला मी पुण्याला नेतो."

कावळे ढिम्म.

"मंग न्हेऊ नको."

"अण्णा, आईला इथंच ठेवतो."

ढिम्म! मग मी तंबाखू सोडली, जी मी कधी खाल्लीच नव्हती. तास गेला. ऊन चढलं, आईचे ओठ सुकले. अण्णा माझ्यावर रागावूनच गेले, असं मला वाटलं.

"खाचरांचं काय?" तात्यांनी हळूच विचारलं.

आमची नदीकाठची भातखाचरं बंगलेवाल्याला विकायचं मी ठरवून बसलो होतो. अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी फोनवर आमचं त्यावरूनच भांडण झालं होतं. ते आमचं शेवटचं बोलणं. मला रडू फुटलं.

"अण्णा, शेत विकणार नाही. दर वर्षी मी स्वतः लावणी करीन."

कावळे तरीही ढिम्म. (त्यांचा विश्वास बसला नसावा.)

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "आता जा आन् तुजी गाडी बंद कर. तिच्या वरडन्यानं कावळं भ्याल्यात."

ओल्या धोतरानिशी धावलो. ब्रेकवर पाय, दांडा ‘पी’वर, मग बटण. टीं टीं थांबली. मी घाट उतरायच्या आत कावळा शिवला.

घरी आईला विचारलं, "गाडी माझीच आहे हे तुला कधी कळलं?"

"तू उतरून पळालास तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत हुतास की. म्हनलं, शेतापत्तुर यिऊ दे."

दोन पावसाळे झाले, मी गुडघाभर चिखलात उभा राहून वचन पाळतोय. मी लावलेली रोपं दुपारपर्यंत आडवी होतात, आणि आई मागून येऊन ती मुकाट्यानं पुन्हा लावते.