साड्यांचे फोटो आणि अक्काची घडी

आहेराच्या साड्यांच्या कपाटाला एक स्वतंत्र गंध असतो. नव्या कापडाची खळ, डांबरगोळ्या, प्लास्टिकच्या पिशव्यांचा कोंदट उष्मा आणि कुणाच्या तरी लग्नातला वाळून गेलेला मोगरा, हे सारे त्या अंधारात एकमेकांत मिसळून निश्चल पडलेले असते. नांदेडच्या आमच्या घरात हे कपाट उघडले की मला अजूनही क्षणभर एखाद्या मंगल कार्यालयाच्या दारात उभे राहिल्यासारखे वाटते. पण गेल्या महिन्यात तोच सुवास माझ्या नाकात शिरला आणि मी कपाटाचे दार घाईने लावून टाकले. का, ते सांगतो.

आमच्याकडच्या आहेरात मिळालेली साडी नेसायचीच असते, असा तुमचा समज असेल तर तो प्रथम दूर करा. ती बहुधा पुढे जाते. या घरातून त्या घरात, बारशातून वास्तुशांतीत, हदगावहून नायगावला आणि नायगावहून आणखी कुठे, अशी ती आपल्या मूळच्या घडीत अखंड प्रवास करीत असते. या भ्रमंतीला नियम एकच: ज्या घरून साडी आली, त्या घरी ती परत जाता कामा नये. सारा चराचर व्यवहार त्यावर उभा आहे म्हणा ना!

दोन वर्षांपूर्वी आमच्या हातून नेमका हाच नियम मोडला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, जळकोटला दिलेली. तिने दिवाळीत आम्हाला दिलेली साडी माझ्या पत्नीने, म्हणजे मंगलने, अक्काच्याच वास्तुशांतीला अक्कालाच दिली. अक्काने पिशवी उघडून पाहिले, पुन्हा बंद केली आणि सर्वांना जेवायला बसवले. तिने भांडण केले असते तर किती बरे झाले असते! त्या दिवसापासून तिचे फोन आखडले. पूर्वी तासभर बोलणारी अक्का “हाव, बरं हाय, ठेवते” एवढ्यावर आली. आईवडील गेल्यानंतर मला माहेर म्हणावे असे तेवढे एकच माणूस उरले आहे. पुरुषालाही माहेर असते, हे बहीण अबोल झाल्यावर कळते.

तेव्हापासून मंगलने फोटोची पद्धत काढली. साडी घरात आली की ती पलंगावर ठेवायची, वर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी, आणि माझ्या फोनमध्ये फोटो. चिठ्ठी साडीवरच का राहू द्यायची नाही, असे मी एकदा विचारले होते. “पाहुण्या बाया कपाट उघडून बघतात, वाचत न्हाईत का मग?” असा प्रतिप्रश्न आला आणि मी पुढच्या साडीचा फोटो काढला.

एवढी निर्दोष व्यवस्था, आणि तिच्यावर घाला घातला तो मीच. मी नवा फोन घेतला. चाळीस साड्यांचे फोटो त्यात आपोआप अवतरलेले पाहून मला कृतार्थ वाटले. जुना फोन नायगावच्या मेहुण्याला द्यायचा होता. आपण घर सोडताना कसे झाडून, पुसून किल्ली देतो? त्याच सात्त्विक भावनेने मी जुन्या फोनमधले सगळे फोटो निवडून पुसले आणि शुचिर्भूत मनाने नवा फोन उघडला. तिथेही काही नव्हते! दोन फोन, पण भांडार एकच. एका दारातून बाहेर काढलेले सामान दुसऱ्या दारातून कसे दिसावे? मी भूगोल शिकवतो. नद्या, पर्वत, वाळवंटे कुठे आहेत ते झोपेतही सांगेन. पण चाळीस साड्या पृथ्वीच्या पाठीवरून नेमक्या कुठे गेल्या, ते मला सांगता येईना.

आणि त्याच दुपारी अक्काचा फोन आला. रूपाचे, तिच्या मुलीचे, लग्न ठरले होते. पत्रिका घेऊन रविवारी ती स्वतः येणार होती. दोन वर्षांनी! माहेरवाशीण घरी आली की तिची ओटी भरल्यावाचून, साडी दिल्यावाचून धाडायची नाही, ही आमची रीत. आणि कपाटातल्या चाळीस साड्यांमध्ये एक साडी पुन्हा अक्काचीच होती, वास्तुशांतीच्या परतीच्या आहेरात आलेली. कोणती? ते फक्त फोटोंना ठाऊक. बाजारातून नवी आणू या, असे मी सुचवून पाहिले. “आणि ती नेमकी अक्कानं दिलेल्या साडीसारखीच निघाली म्हंजे? तुमचे फोटो आधी काढा. ह्या वेळी चुकलं तर लग्नात तोंड दाखवायला जागा न्हाई,” मंगल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मग माझी तपश्चर्या सुरू झाली. दुरुस्तीच्या दुकानदाराने फोन उलटापालटा करून, एखाद्या दिवंगताविषयी बोलावे तशा खालच्या आवाजात “गेले सर” एवढेच सांगितले. कुणाच्या तरी सल्ल्याने हरवलेले फोटो शोधून देणारे एक ॲप घेतले. त्याने चार तास घुमून खरोखरच फोटो शोधले. ते सगळे सुप्रभातचे! गुलाब, चहाचा कप, उगवता सूर्य, पुन्हा गुलाब. मी वर्षानुवर्षे निष्ठेने पुसलेली ती शेकडो पुष्पे पुनर्जन्म घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. “सकाळपासून काय करून राहिले तुम्ही?” मंगलने मागून डोकावून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

शनिवारी सायंकाळी वरच्या मजल्यावरच्या कांबळे मॅडम आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, हरवलेली वस्तू शोधण्याआधी ती कुणी हरवली ते शोधणाऱ्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “सर, कचरापेटी बघितली का?” मी सात्त्विक संतापाने म्हणालो, की इतक्या मौल्यवान वस्तू मी कचऱ्यात कशाला टाकीन? त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, दोनचार ठिकाणी बोट लावले आणि तो मंगलपुढे धरला. पुसलेले फोटो काही दिवस तिथेच राहतात म्हणे! चाळीसच्या चाळीस साड्या एका रांगेत परतल्या. मंगलने मॅडमना मिठीच मारली. आणि मग किंचाळली, कारण अक्कासाठी जी मोरपंखी साडी तिने अंदाजाने बाजूला काढली होती, तिच्या फोटोतल्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: अक्का, जळकोट.

रविवारी अक्का आली. केस बरेच पांढरे झालेले, गुडघा धरून पायरी चढली. पत्रिका, अक्षता, चहा झाला. मंगलने खात्रीची, नायगावकडून आलेली डाळिंबी साडी देऊन ओटी भरली आणि समाधानाच्या भरात फोन अक्काच्या हाती दिला. “बघा अक्का, आता चूक होणार न्हाई, समद्यांचे फोटो हायत,” ती म्हणाली. अक्का एकेक फोटो सरकवत गेली. साडी, चिठ्ठी. साडी, चिठ्ठी. सगळ्या घडीत, सगळ्या प्लास्टिकात. मोरपंखीवर तिचे बोट थांबले.

“मंगल, साडी परत आली त्याचा राग न्हाई गं मला. साड्या फिरतात, मीबी फिरवते. पण ती दिवाळीची मी उदगीरला चार दुकानं हिंडून घेतली होती, तुझा रंग डोळ्यापुढं ठेवून. परत आली तवा पिनसुद्धा तशीच. तू घडीबी मोडली न्हाईस तिची.” एवढे बोलून तिने फोन ओटीतल्या साडीवर ठेवला.

दोन वर्षे आम्ही एका चुकीचा पुरावा जमवत बसलो होतो, आणि चूक तर वेगळीच होती! किती दक्षतेने मी परत मिळवले होते सारे, आणि त्यात एकाही साडीत माणूस नव्हते.

मंगल उठून आत गेली. कपाटाचे दार करकरले, प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती मोरपंखी साडी नेसून, अंगात मिळेल तो पिवळा ब्लाऊज, आणि अंगभर घडीच्या चौकटी उमटलेल्या. अक्का हसायला लागली. डोळे पुसत, गुडघा धरत उठली आणि खाली वाकून तिच्या निऱ्या सारख्या करू लागली.

मी सवयीने फोन उचलला. मंगलही सवयीनेच म्हणाली, “काठ नीट येऊ द्या.”

“काठाचं राहू दे रे,” अक्का म्हणाली, “आमची तोंडं घे.”