चौथ्या दिवसाची भाकरी

माझी भाची आहारशास्त्रात पीएच.डी. करते आहे, हे तिच्या आईकडून कळलं तेव्हा मी तोंडभर अभिनंदन केलं आणि विषय संपला असं समजले. सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेल्यामुळे प्रबंधांबद्दल मला फार आशा उरलेली नाही. ते वाजतगाजत येतात, सोनेरी अक्षरांच्या बांधणीत कपाटात जातात आणि पुढे त्यांना फक्त झुरळं भेटतात. पण एका सकाळी भाचीच साताऱ्याला माझ्या दारात उभी राहिली. पाठीवर सॅक, एका हातात स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि काखेत कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा. मावशी निवृत्त आहे, मावशीकडे गाडी आहे आणि मावशीला नाही म्हणता येत नाही, एवढी माहिती तिने माझ्याबद्दल आधीच गोळा केली होती.

विषय ऐकायला सोपा होता. पाऊस बदलला की पीक बदलतं, पीक बदललं की ताट बदलतं आणि ताट बदललं की माणसाचं रक्त बदलतं. त्यासाठी तिने दोन गावं धरली होती. एक महाबळेश्वरच्या पलीकडे खोऱ्यात उतरणारं, जिथे पावसाळ्यात शेजाऱ्याचं घरही दिसत नाही. दुसरं सांगलीच्या पार पूर्वेला जत तालुक्यात, जिथे ढग नुसती हजेरी लावून पुढे कर्नाटकात जातात. दोन्हीकडच्या घरांत रोज काय शिजतं ते काट्यावर तोलायचं, बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, झालं.

झालं नव्हतं, कारण मध्ये तिचे मार्गदर्शक सर होते. दोन वर्षं झाली, दोन गावांचं रक्त वेगळं येत होतं, पण तिच्या कागदांवर दोन गावांच्या ताटांत काडीचा फरक दिसत नव्हता. सरांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर फरक दिसला नाही, तर विषय बाद. नवा विषय, नवी नोंदणी, पुन्हा पहिल्यापासून. हे सांगताना तिचा आवाज इतका शांत होता की मी मुकाट्याने गाडीची किल्ली शोधायला लागले.

आधी जतकडे गेलो. ज्या घरी बसलो तिथल्या बाईने आम्हाला पाहिलं, पदर सावरला आणि आत गेली. थोड्या वेळाने गव्हाच्या चपात्या, बटाट्याची भाजी, कांद्याची भजी आणि तुपात लोळणारा शिरा आला. भाचीने सगळं इमानदारीने तोलून लिहिलं. पुढच्या आठवड्यात खोऱ्यातल्या गावात गेलो. तिथल्या बाईनेही आम्हाला पाहिलं, पदर सावरला आणि आत गेली. चपात्या, बटाटा, भजी, शिरा. दोन वर्षांच्या कागदांचा अर्थ मला तिथे पाटावर बसल्या बसल्या कळला. शास्त्राच्या मते सह्याद्रीच्या माथ्यापासून कर्नाटकच्या सीमेपर्यंतची समस्त जनता शिऱ्यावर जगत होती.

मग आम्ही युक्त्या केल्या. न कळवता गेलो, तर माझी गाडी फाट्यावर वळल्याची वर्दी कोणीतरी आधीच पोहोचवलेली असायची आणि आम्ही पोहोचेपर्यंत रवा भाजल्याचा वास गल्लीत आलेला असायचा. उपवासाच्या दिवशी गेलो, तर साबुदाण्याची खिचडी आली आणि तिच्यात शिऱ्याहून जास्त तूप होतं. भाचीने एकदा जतच्या बाईला बसवून संशोधन म्हणजे काय ते अर्धा तास समजावून सांगितलं. बाईने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. शेवटी म्हणाली, "समदं पटलं बगा. पर पाहुण्याला भाकरी-खर्डा घातला तर मला गावात तोंड दावाय जागा राहायची न्हाई. तुमी भाकरी लिवा की. लिवायला कोण न्हाई म्हनतंय? लिवा भाकरी, खावा शिरा."

मला हा तोडगा फार आवडला. माझ्या कपाटांतले निम्मे प्रबंध असेच लिहिलेले असणार. पण भाचीच्या अंगात सचोटी आहे, ती आमच्या घराण्यात कुठून आली कोण जाणे. काट्यावर जे येईल तेच ती लिहिणार होती.

फॉर्मच्या बाकीच्या पानांचंही बरं चाललं नव्हतं. ते शहरात बसून केलेले, दोन्ही गावांना एकच. त्यामुळे खोऱ्यातल्या लोकांना टँकर किती दिवसांनी येतो असं विचारावं लागे आणि जतच्या लोकांना गव्यांचा उपद्रव. जतच्या बाईचा नवरा यावर बराच वेळ विचार करून म्हणाला, "आमच्याकडं गवा आला, तर आदी त्याला पानी पाजावं लागंल." खोऱ्यात गवे खरेच होते. पण तिथे विचारलं की सगळे एका सुरात सांगत, गव्यांचा काही त्रास नाही. आम्ही जंगलखात्याची माणसं असू, असा त्यांना संशय होता. शिवाय पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, हाही रिवाज शिऱ्याइतकाच कडक.

या सगळ्यात एकच मोजमाप स्पष्टपणे बदलत होतं. ते माझ्या कमरेचं.

गणेशोत्सवाच्या सुमाराला जतहून परतताना विट्याजवळ चहाला थांबलो. नवा विषय म्हणून भाची शहरातल्या वसतिगृहांचा विचार करत होती, कारण तिथे निदान कोणी शिरा करत नाही. तिला हसवावं म्हणून मी म्हटलं, आपली जुनी म्हण तुझ्या सरांना ऐकव. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.

ती हसली नाही. कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"मावशी, मग चौथ्या दिवशी काय होतं?"

चौथ्या दिवसाबद्दल म्हण काही बोलत नव्हती. तोवर राहण्याइतका निर्लज्ज कोणी निघालाच नसेल, असं मी म्हणाले. भाचीच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू जे उजाडलं, ते मी ग्रंथालयातल्या एवढ्या वर्षांत कुठल्याही संशोधकाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. चहावाल्याने आम्हाला काही हवंय का विचारलं. तिने त्याला सांगितलं की नको, सगळं मिळालं.

त्याच आठवड्यात मी तिला वळकटीसकट खोऱ्यातल्या बाईच्या दारात सोडून आले. किती दिवस राहणार, या प्रश्नावर तिने पढवल्याप्रमाणे सांगितलं की अजून ठरलं नाही. बाईच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, पण ती म्हणाली, "ऱ्हावा की. घर तुमचंच हाय."

त्या गावात फोन लागतो तो देवळामागच्या एकाच खडकावर. रोज दुपारी भाची त्यावर चढायची आणि मी साताऱ्यात पेन घेऊन बसायची. पहिला दिवस: शिरा. दुसरा दिवस: चपाती, मटकीची उसळ, शिरा नाही. आम्ही दोघींनी एकमेकींचं अभिनंदन केलं. तिसरा दिवस: भात, वरण, आणि मावशींची गाडी कवा येनार हाय, अशी आडून चौकशी. मी तिला टिकून राहायला सांगितलं. किल्ला पडायच्या बेतात होता.

चौथ्या दिवशी फोन आला तेव्हा पलीकडून नुसतं हसू ऐकू येत होतं. मी घाबरले. मग श्वास घेत घेत तिने सांगितलं की तिला सकाळी शिळी भाकरी मिळाली होती. नाचणीची, काळपट, कडेला कडक झालेली, वर सुकटीची चटणी. शिवाय खाऊन झाल्यावर बाईने तिच्यासमोर खरकट्या भांड्यांची पाटी सरकवली होती.

"आणि काय म्हणाली माहितेय? म्हणाली, बसून काय खातीस, राखुंडी घे आनि लाग कामाला."

मी घरात एकटीच होते, तरी उभी राहून टाळ्या वाजवल्या. आमच्या घरातल्या मुलीला कोणी इतकं टाकून बोलल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्यानंतर सगळं भराभर सुटत गेलं. पाचव्या दिवशी बाईने तिला संध्याकाळी नाचणीच्या शेतावर राखणीला धाडलं आणि हातात पत्र्याचा डबा आणि काठी दिली. गव्यांचा काहीच त्रास नसलेल्या त्या गावात निम्मं पीक गवे आणि रानडुकरं खातात, हे तिला तिथे डबा बडवता बडवता कळलं. गवे जास्त आले की नाचणी कमी, नाचणी कमी पडली की दुकानातला तांदूळ जास्त. रक्ताच्या थेंबात जे दिसत होतं त्याचा धागा असा थेट जंगलापर्यंत जात होता. चार पायऱ्या खालच्या वाफ्यात स्ट्रॉबेरीची रोपं लावायची लगबग होती, पण स्ट्रॉबेरी घरात कोणी खात नव्हतं. ती खाण्याची वस्तू नाही, विकण्याची आहे, असं बाईने तिला समजावलं.

मग जतला तोच प्रयोग. तिथे चौथ्या दिवशी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं पातळ माडगं मिळालं, आणि तिने थापलेली वाकडीतिकडी भाकरी बघून बाईने सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली. भाचीने पहिल्या तीन दिवसांचे फॉर्म वेगळे बांधले, चौथ्यापासूनचे वेगळे. दोन गावांची ताटं आता एकमेकांना ओळखत नव्हती, इतकी वेगळी होती.

सरांनी कागद पाहिले आणि त्यांना शंका आली. दोन वर्षं शिरा आणि एकदम नाचणी? हे जुळवलेलं दिसतं. मी स्वतः येऊन खातरी करतो, म्हणाले. दिवाळीला दहा-बारा दिवस राहिले होते.

सर येणार म्हटल्यावर खोऱ्यातल्या गावाने फलक लावला. उपसरपंचांनी शाल घातली, नारळ दिला आणि आपल्या गावाचं नाव आता शास्त्रात जाणार असल्याचं जाहीर केलं. सरांनीही दोन शब्द म्हणता म्हणता पुष्कळ शब्द सांगितले. मग आम्हाला बाईच्या घरी नेलं. मला पाट आणि सरांना खुर्ची, पुढे स्टूल, स्टुलावर फुलांचा कपडा. स्टुलाभोवती रांगोळी. आणि ताटात, अर्थातच.

सरांनी भाचीकडे पाहिलं नाही, पण मान किंचित हलवली. मग बाईला विचारलं, "हे असं रोज असतं?"

"व्हय की," बाई म्हणाली. "रोजच."

मी शिऱ्याचा घास तसाच ताटात ठेवला. घराची अब्रू राखायला बाई एका शब्दात प्रबंध बुडवत होती, आणि तिला खोटं पाडणं भाचीच्याने होणार नव्हतं. भाची उठून आत चुलीपाशी जाऊन बसली.

सर पाणी मागायला वळले तेव्हा त्यांना ती दिसली. उकिडवी बसून ती ताटलीतली भाकरी चुरत होती. काळपट भाकरी, त्यावर सुकट. सरांचा हात तसाच राहिला.

"हिला काही पथ्य आहे का?"

बाईला प्रश्नच कळला नाही. "पथ्य कसलं, सर? ती घरची हाय. घरची मानसं कवापासनं शिरा खायला लागली?"

बोलून झाल्यावर तिला कळलं. तिने जीभ चावली. सरांनी एकदा स्वतःच्या ताटाकडे पाहिलं, एकदा भाचीच्या, आणि शाल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. मग अगदी विद्यार्थ्यासारख्या आवाजात विचारलं, ती भाकरी मला थोडी मिळेल का?

"पाहुण्याला? न्हाई बा."

"मग किती दिवस राहिलो तर मिळेल?"

बाईने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. बूट पाहिले, चष्मा पाहिला, बाहेरची गाडी पाहिली, शाल पाहिली.

"तुमाला लय दिस लागत्याल, सर," ती म्हणाली आणि त्यांच्या ताटात आणखी शिरा वाढला.

सर हसायला लागले ते थांबेचनात. त्यांच्यामागून मी, मग आतून भाची, आणि काय झालं ते नीट न कळताही बाई. सरांनी तो शिरा संपवला. हात धुवायच्या आधीच भाचीकडून चौथ्या दिवसाचा फॉर्म मागून घेतला आणि त्यावर सही केली. प्रबंधाच्या परिशिष्टात त्या पानाची छायाप्रत जोडली आहे. तुपाचा डाग छायाप्रतीत जरा काळा आला आहे.