शंभरापर्यंत पाठ

माझं आणि माझ्या सासूचं कधी पटलं नाही. आता ती म्हातारी झाली म्हणून मी गोड लिहीन, असंही नाही. मी चंद्रपूरची, बारावी शिकलेली. लग्न होऊन धानोऱ्याकडच्या या गावात आले, तर पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मला पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात नेलं. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कमी बोलते आणि भांडी जास्त आपटते.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मी ठरवून टाकलं, ही काही फुलं वेचणार नाही. तालुक्याला इंग्रजी शाळा होती. तिथं केजीत घेण्याआधी मुलांना प्रश्न विचारतात, असं ऐकलं होतं. अंगणवाडीत नुसती खिचडी आणि गाणी, म्हणून तिथून मी तिला काढलं. घरात भिंतभर तक्ते लावले. सकाळी एबीसीडी, दुपारी आकडे. चुकली की हातावर पट्टी. हो, मारली. खोटं कशाला सांगू?

सासू दारात उभी राहून बघायची. "काऊन कोंडून राह्यली पोरीले? येऊ दे माह्यासंगं. झाडाखाली बसंल, बकऱ्या हाकलंल, चार फुलं येचंल."

"तुमच्यावानी अडाणी ठेवाचं हाये काय तिले?" मी म्हटलं.

तिनं टोपली उचलली आणि निघून गेली. त्या हंगामात तिच्यासोबत शेजारची पोरगी जायची. माझ्या मुलीच्याच वयाची, नाक सदा वाहतं. तिला पाहिलं तरी माझं डोकं फिरायचं. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला जाळून साफ केलेल्या जागेत सासू तिला बसवायची आणि पाच-पाच फुलांचे ढीग लावायला सांगायची. माझी मुलगी खिडकीतून त्या दोघींना जाताना बघत राहायची. मी खिडकी लावून घेतली.

एप्रिलमध्ये आम्ही शाळेत गेलो. सगळं तोंडपाठ होतं, मला तर मुळीच धास्ती नव्हती. मॅडमनी चिंचोक्यांची वाटी पुढं सरकवली आणि म्हणाल्या, "यातले पाच दे मला."

मुलगी सुरू झाली, "वन, टू, थ्री..." हात मांडीवरच. पाच झाले, दहा झाले, वीस झाले. "बस बेटा," मॅडम म्हणाल्या. ती थांबेना. रडत रडत म्हणत राहिली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. माझ्या हातात काही नव्हतं. शंभर झाले तेव्हा खुर्ची ओली झाली होती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पाठांतर छान आहे. पण पाच म्हणजे किती, हे तिला माहीत नाही. वस्तू हाताळू द्या, मुलांमध्ये खेळू द्या. पुढच्या वर्षी आणा." त्या बाईच्या कानाखाली द्यावी असं वाटलं मला. बसमध्ये मी मुलीकडे पाठ फिरवून बसले. तिचा राग होता, मॅडमचा होता, आणि सगळ्यात जास्त याचा होता की आता घरी जाऊन सासूला सांगावं लागणार.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सकाळी लवकर उठवजो तिले."

रात्रभर मी धुसफुसत होते. म्हातारीला का जिंकू द्यायचं? पोरगी माझी आहे. फुलांवर शिकवायचं तर तेही मीच शिकवीन. पहाटे मुलीला उठवलं, तिचं तोंड धुतलं, डोक्याला फडकं बांधलं आणि स्वतःही चपला घातल्या.

मुलगी आजीचं बोट धरून अंगणात उभी होती, हातात छोटी टोपली. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा मी असा मोकळा पाहिला नव्हता. मग तिला माझ्या पायातल्या चपला दिसल्या. ती आजीला चिकटली आणि तिनं हळूच विचारलं, "आजी, आई नाई येत ना?"

सासूनं माझ्याकडे पाहिलं.

"नाई येत," मी म्हटलं आणि चपला काढून ठेवल्या.