वजा चौदावर मारलेली रेघ

झरीच्या रोडला किशनरावाची रोपवाटिका आहे. तिथं मिरची-टमाट्याची रोपं धरायचं काम बारा वर्षांपासून धुरपताबाईकडं. बिया टोचायचे ट्रे दोन जातीचे, अठ्ठ्याण्णव खड्ड्यांचा आणि एकशे चारचा. पहिला चौदा बाय सात, दुसरा तेरा बाय आठ. बाईच्या बोटांना हे पाठ.

गावात फिरून शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या कृषी सखीची जागा निघाली तेव्हा सगळे म्हणाले, रोपातलं धुरपताबाईएवढं कळतंय कुणाला? पण जागेला दहावी लागत होती आणि बाईची शाळा आठवीतच सुटलेली. एकोणचाळिसाव्या वर्षी तिनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकी सगळे विषय निघाले, गणितात तीन गुणांनी गचकली. आता जुलैच्या पुरवणी परीक्षेत निघालं नाही तर जागा दुसरीला जाणार, हे तिला तोंडावर सांगण्यात आलं.

बाई चिडली ती वेगळ्याच गोष्टीनं. अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. गुणाकार अठ्ठ्याण्णव आणि फरक सात, असे दोन आकडे लोक शोधत बसतात. तिला ट्रे दिसतो. मग गुण गेले कुठं?

तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. लेक राजेश्री अकरावीला. तिनं कागद बघितला आन् कपाळावर हात मारला.

"माय, हे कामून खोडलंस?"

पेपरात होतं, x² + 7x − 98 = 0. बाईनं (x + 14)(x − 7) = 0 असे अवयव झ्याक पाडले होते. खाली x = −14 किंवा x = 7 हेही बरोबर. आणि मग वजा चौदावर अशी रेघ ओढली होती, की कागद फाटायचाच राहिला होता. तीन गणितांत तशा तीन रेघा.

"मंग काय करू? वजा चौदा फूट वाफा दाखव मला कुठं असतंय ते!"

पुस्तकातल्या वाफ्यांच्या गणितात वजा उत्तर सोडून देतात, ते बाईनं पक्कं धरलेलं. दिसला वजा, की मार रेघ.

"अगं, पण हितं वाफा कुठं हाय?"

"मंग काय हाय?"

"काईच न्हाई. नुसता आकडा हाय. x च्या जागी टाकून तर बघ."

बाईनं रोपवाटिकेच्या भिंतीवर खडूनं मांडलं. वजा चौदाचा वर्ग एकशे शहाण्णव. सात गुणिले वजा चौदा, वजा अठ्ठ्याण्णव. त्यातून आणखी अठ्ठ्याण्णव गेले. खाली शून्य! तिनं पुसलं, पुन्हा मांडलं. पुन्हा शून्य.

मागून किशनराव खिदळले. "काय धुरपताबाई, वजा चौदाच्या ट्रेत मिरची लावायलाव का?"

"मालक, ह्या गणितानं ट्रेचं नाव घेतलं का?" बाई मागं न बघता म्हणाली. "न्हाई ना? मंग दोघं बी खरे. वाफा म्हनलं, तर ह्याला हाकलायचं. न्हाई म्हनलं, तर बसू द्यायचं. उगंच मी ह्याला मारीत व्हते."

जुलैत परभणीला पेपर झाला. x² − 4x − 96 = 0 आलं. बारा आणि वजा आठ. पेन सवयीनं वजा आठकडं निघालं, तसं बाईनं ते उचलून टोपण लावलं. दोन्ही उत्तरं जागच्या जागी. पुढच्या पानावर आयताकृती जागा. लांबी रुंदीपेक्षा पाच मीटर जास्त, क्षेत्रफळ दीडशे. दहा आणि वजा पंधरा. इथं मात्र बाईनं टोपण लावलं नाही, रेघ मारली आणि शेजारी ठसठशीत लिहिलं, 'रुंदी ऋण नसते.' रुंदी दहा, लांबी पंधरा.

निकालादिवशी राजेश्रीनं मोबाइल तिच्यापुढं धरला. गणितात एकसष्ट. बाईनं आकडा दोनदा वाचला, हात धुतले आणि किशनरावापुढं जाऊन उभी राहिली.

"मालक, ट्रे भरायला दुसरं मानूस बघा."

"बघतो. पन मिरचीवर रोग आला तर इचारू कुनाला?"

"कृषी सखीला इचारा," बाई म्हणाली. "सकाळी लवकर या. मंग मी गावात फिरायला निघते."