सायखेड्यात मी आत्या झाले

सिन्नर मागं पडलं आणि बसमध्ये थंडी शिरली. माझ्याच खिडकीची काच अर्ध्यात अडकलेली. कंडक्टर म्हणाले, "ती अशीच आहे, मॅडम. पुण्यापासून अशीच आली." मग काय, स्वेटर घातला आणि मांडीवरची पिशवी छातीशी धरून बसले. पिशवीत आमच्या अहवालाचा कच्चा खर्डा होता. पौष महिन्यात नाशिकला जायचं कारणही तोच.

रस्त्यावर, घाटावर, स्टेशनाच्या आसपास वाढणारी मुलंमुली एचआयव्हीची औषधं कशी घेतात आणि कुठं अडतात, हे समजून घेण्याचं आमचं काम. या कामाची एक रीत आहे. मुलांनी जे सांगितलं ते छापण्याआधी त्यांना वाचून दाखवायचं आणि त्यांना नको असेल ते काढून टाकायचं. अहवालात खरं नाव कुणाचंच नसतं. टोपणनाव ज्याचं त्यानं निवडायचं. एकानं क्रिकेटपटूचं घेतलं, एकीनं मालिकेतल्या नायिकेचं. एक मुलगी मात्र म्हणाली होती, "तुम्हीच ठेवा ना मॅडम. माझं नाव वसतिगृहाच्या रजिस्टरात कुणी लिहिलं, तेही मला माहीत नाही."

तिला तेव्हा नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. आजार जन्मापासूनचा, आईवडील दोघंही गेलेले. वसतिगृह सोडून गंगेवर राहायची. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) द्रोणात दिवा आणि फुलं ठेवून विकायची. मी तिला एक नाव दिलं. माझ्या मनात ते फार वर्षांपासून पडून होतं. मला मूल झालं नाही, नाव तेवढं राहून गेलं होतं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं येईलच.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. समोरच्या हॉटेलात मिसळ मागवली. तिखट कमी घाला म्हटल्यावर मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं आहे तशी खाल्ली आणि डोळे पुसत दवाखान्यात पोचले. तिथल्या औषध केंद्रात समुपदेशक वैशालीताई वाट पाहत होत्या. मुलं एकेक करून आली, आपली पानं ऐकून हसली, दोघांनी भांडून एकेक वाक्य बदलून घेतलं. दुपार झाली तरी ती मुलगी काही आली नाही.

"दोन महिने झाले, ती फिरकलीच नाही," वैशालीताई म्हणाल्या. "फोन बंद. आमची माणसं दोनदा घाटावर जाऊन आली. गोळ्या संपून तीन आठवडे तरी झाले असतील."

या गोळ्या रोज घेतल्या तर माणूस इतरांसारखा धडधाकट जगतो, पण खंड पडला तर आजार डोकं वर काढतो. पुढं तीच गोळी लागू पडेल याचीही खात्री नसते. शोध घ्यायला तिनं मला पूर्वीच लेखी परवानगी दिली होती. अडचण वेगळीच होती. शोधायचं, पण का शोधतोय ते कुणाला कळता कामा नये.

घाटावर उन्हं उतरणीला लागली होती. पायऱ्यांवर वाळत घातलेल्या साड्या, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या, कुणीतरी लांब कुठं तरी घंटा वाजवत होतं. फुलवाल्यांच्या ओळीत मी तिचं रजिस्टरातलं नाव विचारत निघाले. कुणालाच ठाऊक नाही. शेवटी हिराबाई नावाच्या एका वयस्क बाईंपाशी बसले आणि वर्णन केलं. किडकिडीत, डाव्या भुवईवर खूण, हसली की तोंडावर हात धरते.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "... म्हणा की!" आणि त्यांनी मी ठेवलेलं नाव उच्चारलं.

ते टोपणनाव तर फक्त कागदापुरतं होतं.

"म्हंजे तुम्ही तिच्या पुण्याच्या आत्या!" हिराबाई खुलल्या. "चष्मा, खांद्याला पिशवी. सगळं सांगितलंय तिनं. दर महिन्याला तुमचं नाशकात काम असतं, तवा भेटायला जायची ना तुम्हाला? आन् काय वो, एवढ्या शिकल्यासवरल्या, सख्ख्या भावाची पोर घाटावर टाकून जाता? जिवाला काय वाटत नाय?"

महिन्याचा दवाखाना लपवायला तिनं मला आत्या केलं होतं. बोलणी खाताना मी खाली मान घालून बसले. खरं सांगायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर ती बोलणी मला अगदीच खोटी वाटत नव्हती. दीड वर्ष तिच्या आयुष्याची पानं माझ्या टेबलावर होती आणि ती इथं होती.

"दिवाळीपासनं ती सायखेड्याला हाय, माझ्या भावाकडं. फुलांच्या कामाला. फोन तिचा गंगेत पडला," हिराबाईंनी सांगितलं आणि वाट समजावून दिली.

निमाणी बसस्टँडवरून बस धरली. ओढा गाव गेलं, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले आणि मला डुलकी लागली. गाडी थांबल्यावर दचकून उतरले तर ती चांदोरी! सायखेडा नदीपलीकडं. चूक माझीच, त्यामुळे चरफडायचं तरी कुणावर? पुलावरून चालत निघाले. खाली पात्र संथ, काठाला हिरवीगार शेतं, पंपांची घरघर. भेटली तर तिला काय म्हणायचं, याची उजळणी करत होते. ओरडायचं नाही, हे नक्की ठरवलं.

शेवंतीच्या शेताकडेला घर होतं. अंगणात पिवळ्या फुलांचा ढीग, आणि ढिगाशी बसून पाट्या भरणारी ती. वाळली होती. मला पाहून उठली, पण पुढं आली नाही. हिराबाईंची भावजय विमलवहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"तुम्ही कोन म्हनायच्या?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आत्या का हिच्या? बरं झालं आल्या. दोन म्हैने झाले, पोरगी म्हनती आत्याला भेटून येते. मी म्हनलं, आत्या हाय तर तिनं एकदा हितं यावं, आमाला तोंड दाखवावं. तरणीताठी पोर कुनाकडं बी कशी धाडू? नणंदबाईंनी आमच्या भरवशावर सोडलीय तिला. उद्या काय झालं म्हंजे?"

त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. कुणी तरी पहिल्यांदाच या मुलीला उंबऱ्याच्या आत घेऊन तिची काळजी केली होती, आणि त्या काळजीनंच तिच्या गोळ्या बंद पाडल्या होत्या.

ती माझ्याकडे पाहत होती. हातातली फुलं तशीच. मी काय म्हणते, यावर तिचं सगळं अडलेलं होतं. आमच्या कामात पहिला नियम शिकवतात: नातं जोडायचं नाही. इतकी वर्षं तो मी दुसऱ्यांना शिकवत आले.

"हो," मी म्हणाले. "मी आत्या."

विमलवहिनींचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी डोळे बारीक केले. "मंग हिचं नाव कुनी ठेवलं?"

"मी," मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "नाव मीच ठेवलंय."

"आन् धपाटे खाल्ले का न्हाय?" त्या हसायला लागल्या. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, त्याबद्दल विचारत होत्या.

"राहून गेले," मी म्हटलं.

"असं कसं!" असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. फुलं भरणाऱ्या हाताला एवढा जोर असतो, हे मला माहीत नव्हतं. मुलगी तोंडावर हात धरून हसली. मग एकाएकी रडायलाच लागली. वहिनींना वाटलं, आत्या भेटली म्हणून.

रात्री भरीत, बाजरीची भाकरी आणि ठेचा होता. वहिनींनी माझ्या पानातली भाकरी संपूच दिली नाही. सकाळी धुकं होतं आणि शेतात तोडा (फुलांची काढणी) चालू झाला होता. बसला वेळ होता म्हणून आम्ही दोघी बांधावरून फिरलो.

"किती दिवस झाले गोळ्या संपून?" मी विचारलं.

"एकवीस. रोज मोजते."

"वहिनींना सांगावंसं नाही वाटलं?"

"लय वाटलं. चांगल्या आहेत त्या. एका ताटात जेवतो आम्ही." तिनं पायानं बांधावरचं ढेकूळ फोडलं. "सांगितल्यावर ताट वेगळं झालं असतं तर? कदाचित नसतं झालं. पण बघायची हिंमत नाय झाली, मॅडम."

"आणि मला आत्याच का केलंस? मावशी म्हणायचं."

"गंगेवर सगळ्या मावश्याच असतात," ती म्हणाली. "फुलवाली मावशी, चहावाली मावशी, झाडूवाली मावशी. नाव ठेवते ती आत्या."

मला भाऊ नाही. मी एकुलती एक. कुणाची आत्या होणं माझ्या नशिबातच नव्हतं. इतकी वर्षं लग्नामुंजीत, बारशात मी कडेला बसून टाळ्या वाजवत आले आणि त्याचं काही वाटत नाही असं सांगत आले. त्या बांधावर कळलं, वाटत होतं. फार वाटत होतं.

वहिनींनी तिला माझ्याबरोबर पाठवलं. नाशिकच्या दवाखान्यात रक्त तपासायला दिलं. वैशालीताई रागावल्या नाहीत. गोळ्या सुरू केल्या, पुढची तारीख दिली आणि म्हणाल्या, "तुझ्या गावाजवळच औषध मिळायची सोय बघूया का?"

"नको," ती म्हणाली. "आत्याला भेटायला म्हणूनच तर पाठवतात." मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "वहिनींना महिन्याला एक फोन कराल का? एवढंच."

तिथल्याच बाकावर तिला तिची पानं वाचून दाखवली. ती एकटक ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "सगळं खरं आहे. छापा. फक्त नाव काढा."

"हे तुझं खरं नाव नाहीच की."

"आता आहे. बँक आणि दवाखाना सोडला तर सगळीकडं तेच सांगते. कागदावर ते आजाराशेजारी आलं आणि कुणी वाचलं तर?"

तिला लपवायला ठेवलेलं नावच तिला उघडं पाडणार होतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं तिच्या.

परतीच्या बसमध्ये पेन काढलं आणि पानापानावरचं नाव खोडत सिन्नरपर्यंत आले. त्या जागी दुसरं नाव ठेवायला हात धजेना. सगळीकडं 'एक मुलगी' लिहिलं. पुण्यात सहकाऱ्यांनी विचारलं तेव्हा सगळं खरं सांगितलं, आत्या झाले तेही. थोडी बोलणी तिथंही खाल्ली.

तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी सायखेड्याला फोन लावला. घसा दोनदा खाकरला.

"वहिनी, आत्या बोलतेय. पोरीला उद्या पाठवाल ना?"

"धाडते की! थांबा, शेतात हाय, बोला तिच्याशी," म्हणून वहिनींनी शेताच्या दिशेनं हाक मारली. मोठ्यानं, लांबवत, माझ्या मनात इतकी वर्षं पडून राहिलेल्या त्या नावानं. मी फोन कानाशी घट्ट धरला. वहिनींनी पुन्हा एकदा हाक मारली, आणि लांबून, फुलांमधून कुठून तरी, तिनं ओ दिली.