फाटकावरचं हसू

मला पहिला संशय आला तो हसण्याचा.

वस्तीत तेव्हा घरटी एक पोर खोकत होतं. साधा खोकला नव्हे, डांग्या. पोर खोकत सुटतं, तोंड लालनिळं होतं आणि शेवटी श्वास आत ओढताना शिट्टीसारखा आवाज येतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या शाळेच्या फाटकावर रोज सकाळी पोरं खदाखदा हसत होती. चार-चारच्या घोळक्यानं, रांग लावून. मी म्हटलं, इथं काहीतरी शिजतंय.

त्यांना हसवणारी होती टोलमावशी, शाळेतली शिपाई. तिचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला माहीत नसेल. नवरा याच शाळेत शिपाई होता. तो अचानक गेला आणि त्याच्या जागी ही लागली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पहिल्याच दिवशी तिनं सुटीचा टोल बारा मिनिटं आधी दिला. अख्खी शाळा घरी पळाली आणि हेडमास्तर मोकळ्या वर्गांतून बोंबलत फिरले. चूक तिची नव्हती, ऑफिसातलं घड्याळ पुढं होतं. पण त्या दिवसापासून बाईचा घड्याळावरचा विश्वास उडाला तो उडालाच. ऑफिसातलं, मनगटावरचं आणि कारखान्याचा भोंगा, तिन्ही जुळल्याशिवाय ती हातोडी उचलत नाही. कान मात्र असा तयार, की जिन्यावरच्या पावलांवरून कोणते सर येताहेत ते सांगेल आणि सर आज बायकोशी भांडून आलेत का, तेही.

मी या शाळेत सातवीपर्यंतच होतो. पुढचं सगळं रस्त्यावर शिकलो. अर्ज लिहायला शिकलो, साहेबांच्या केबिनचं दार न ठोठावता उघडायला शिकलो. तीन कचेऱ्यांत मला बघून लोक चहाला उठतात, याचा मला अभिमान आहे. त्यामुळे खोकल्याची साथ असून शाळा उघडी आहे म्हटल्यावर मला कुणी बोलवायची गरज नव्हती.

कारण माझ्या डोक्यात स्वच्छ होतं. पट घसरला की शाळा दुसरीकडे जोडणार आणि हेडमास्तरांची खुर्ची जाणार. म्हणून पोरं खोकली तरी चालतील, हजेरी भरली पाहिजे. मी 'शाळा बंद करा' असा अर्ज लिहिला आणि सह्या गोळा करायला घरोघर निघालो. गल्लीच्या तोंडाशी गळ्यातल्या भोंग्यावरून घोषणा, मग एकेका घरात बसून समजावणं. दहा दिवसांत त्रेचाळीस घरं झाली. घसा बसला, रात्री उबळ यायला लागली. घोषणांचा घसा, दुसरं काय.

सही दिली नाही ती एकाच घरानं, टोलमावशीच्या. घरात तिची लेक होती आणि लेकीची पाच आठवड्यांची पोर. मी दार वाजवलं.

"कोण?"

"अर्जावर सही पाहिजे, ताई. शाळेबाबत."

"आईनं सांगितलंय, दार उघडायचं नाही. कुणालाही."

"कुणालाही म्हणजे मला?"

"तुमचं नाव घेऊन सांगितलंय."

मी कागद दाराखालून आत सरकवला. तो तसाच, सहीशिवाय परत आला. एवढं तोंड बांधलंय म्हणजे दडवण्यासारखं काहीतरी आहेच! शेजारणीकडे खोदून विचारलं, तर तिनं आणखी एक गंमत सांगितली. टोलमावशी एकोणीस दिवस घरीच आली नव्हती. ट्रंक आणि स्टोव्ह उचलून शाळेच्या अडगळीच्या खोलीत राहायला गेली होती.

आता बोला. हेडमास्तरांनी बाईला राहायला खोली दिली! फुकटात कोण कुणाला खोली देतं?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी शाळेच्या मागच्या बाजूनं गेलो. तिकडे अडगळीच्या खोलीला लागून एक लांबट खोली आहे, नकाशाची. आम्ही होतो तेव्हा तिच्यात नकाशे, मोडका पृथ्वीगोल आणि सांगाडा असायचा. खिडक्या सताड उघड्या होत्या. डोकावलो. आत अकरा पोरं, एका बाकावर एक. तीन-चार जण तोंडावर रुमाल दाबून खोकत होती. बाकीची नकाशावर नद्या शोधत होती. दाराच्या आतल्या बाजूला खडूनं नावं लिहिलेली आणि प्रत्येक नावापुढे रेघा. कुणाच्या दोन, कुणाच्या चार. आणि वर्गाच्या हजेरीत ही अकराही पोरं हजर, हे मी लगेच शोधून काढलं.

आजारी पोरं लपवून पट भरतात! पुरावा हातात आला होता. उद्या सकाळी आधी शाळेत जाऊन हेडमास्तरांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं आणि तिथून थेट आरोग्य कचेरी.

सकाळी फाटकावर रांग होती. टोलमावशी स्टुलावर बसलेली, तोंडाला फडकं. बघा, स्वतःला जपते!

"ऐका रे," ती चौघांना सांगत होती, "उंदरानं काल माझा चष्मा पळवला. आता त्याला मांजर लांबूनच दिसतं. आणि मला? मला तुम्ही चौघं मांजरं दिसताय! ए बोक्या, मिशा कुठं ठेवल्यास?"

पोरं फुटली. ती मात्र हसत नव्हती. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होती. चौथ्या पोरीचं हसू मध्येच खोकल्यात गेलं.

"तू थांब. घरी तान्हं बाळ आहे?"

"भाऊ आहे. दोन महिन्यांचा."

"मग नकाशाच्या खोलीत. दुपारी आईला घेऊन दवाखान्यात जायचं, मी सांगते तिला." मग माझ्याकडे वळली. "काय पुढारी, आज काय बंद करताय?"

"तुझा हा तमाशा. मावशी, आजारी पोरं कोंडून ठेवतेस आणि हजेरी लावतेस?"

"कोंडून? सहा खिडक्या उघड्या आहेत. काल तूच तर डोकावलास, तुझी चप्पल ओळखते मी. डावी घासत चालतोस."

"रेघा कसल्या त्या?"

"औषधाच्या. पाच दिवस गोळ्या पोटात गेल्या की दुसऱ्याला लागत नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. रोज एक रेघ. पाच झाल्या की वर्गात. ज्यांच्या घरी तान्हं नाही, ती खोकणारी पोरं मी घरीच पाठवते. ही अकरा आणि आजची ही बारावी कुठं पाठवू? एका खोलीचं घर, आई कामाला आणि हे दिवसभर बाळाच्या उशाशी? तू शाळा बंद कर. मग यांना तुझ्या ऑफिसात बसव."

"हेडमास्तरांना माहीत आहे हे?"

"ते म्हणाले, मला काही माहीत नाही असं समज."

"बघ! हेच म्हणतो मी." मी फाटकाला हात घातला. "सरक बाजूला."

"आत जायचंय? मग रांगेत ये. आधी हस."

"मावशी, मी काय पोर आहे?"

"पोर होतास तेव्हाचंच सांगते." तिनं माझ्यामागच्या पोरांकडे बघितलं. "हा सातवीतून पळाला ना, त्या दिवशी हे फाटक उघडं होतं. सताड. आणि हा शहाणा तिकडं भिंतीवर चढत होता. चड्डी अडकली तारेत. लोंबकळतोय आपला! मी खालून म्हटलं, अरे बाबा, फाटक उघडंय. तर हा वरून ओरडतो, 'माहितीये मला! हा तुमचा डाव आहे!'"

पोरांनी गोंधळ घातला. मी दात आवळून उभा राहिलो. पण ती तार, ती चड्डी मला आठवली आणि माझं मलाच आवरेना. हसलो. आणि हसता हसता उबळ आली. एकामागून एक, श्वास घ्यायला फट मिळेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी हवा आत ओढली, तेव्हा तो आवाज मी स्वतःच्या गळ्यातून ऐकला.

टोलमावशी स्टुलावरून उठून दोन पावलं मागे सरकली.

"किती दिवस?"

"घोषणांमुळे घसा..."

"घोषणेचा खोकला असा नसतो. किती दिवस?"

"दहा-बारा."

"कुठं कुठं गेलास?"

माझ्या हातात अर्ज होता. त्रेचाळीस सह्या, पत्त्यांसकट. तिनं तो ओढून घेतला आणि बोट ठेवून वरून खाली वाचत गेली. शेवटापर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून वाचत आली.

"माझ्या घरी?"

"गेलो होतो. तिनं दार उघडलं नाही."

"अजिबात? फटभरसुद्धा?"

"कागद दाराखालून दिला मी. तोही तिनं तसाच परत सरकवला."

ती खाली बसली. स्टूल मागे होतं हे विसरून जमिनीवरच बसली. फडक्यामागून आवाज आला, "माझी थोरली याच खोकल्यानं गेली. दोन महिन्यांची होती. शेजारची काकू खेळवायला यायची. नुसता घसा धरलाय म्हणायची. म्हणून तर मी नातीपासून लांब, इथं राहते." मग पदराला हात पुसले आणि कागद माझ्यापुढे धरला. "आता हीच यादी घे. आधी दवाखाना. मग या त्रेचाळीस घरांपुढं उभा राहा. रस्त्यावर, आत पाऊल टाकायचं नाही. भोंगा आहे ना तुझ्याकडं?"

भोंगा होता. दवाखाना करून दुपारी तोच घेऊन मी निघालो. ज्या गल्ल्यांत मी 'शाळा बंद करा' म्हणून ओरडलो होतो, त्याच गल्ल्यांत तोंडाला रुमाल बांधून ओरडलो, की तुमच्या घरात बसून गेलेल्या माणसाला डांग्या खोकला आहे आणि तो माणूस मी आहे, तान्ह्या बाळांना आजच दवाखान्यात न्या. लोक खिडक्यांत आले. काहींनी दिलेल्या शिव्या मी इथं लिहीत नाही. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अभिमान घरी ठेवून येता येत नाही, तो भोंग्याच्या पट्ट्यासारखा गळ्यात रुततच असतो.

त्रेचाळिसांपैकी सात घरांत तान्ही बाळं होती. सहांना काही झालं नाही. सातवं आठ दिवस इस्पितळात होतं, मग घरी आलं. त्याची आई अजून माझ्याशी बोलत नाही. बोलू नये तिनं.

हेडमास्तरांवरचा माझा संशय गेलेला नाही. ज्याला काही माहीत नसतं तो माणूस खुर्चीत कसा बसतो, हे मी विचारणार आहेच, आणि लेखी विचारणार आहे. शाळा बंद करा हा अर्ज मात्र मी दिला नाही. नवा लिहिला: प्रत्येक शाळेत एक उघड्या खिडक्यांची खोली द्या आणि फाटकावर कान असलेलं माणूस ठेवा. साहेबांनी विचारलं, कान असलेलं म्हणजे काय? मी म्हटलं, चला दाखवतो, पण आधी हसावं लागेल.

घरी सोडलं तर हा पुन्हा दारोदार फिरेल, असं म्हणून टोलमावशीनं मला पाच दिवस नकाशाच्या खोलीत बसवलं, मागच्या बाकावर, सांगाड्याशेजारी. दारामागे बारा नावांखाली तिनं तेरावं लिहिलं होतं: पुढारी. रोज सकाळी ती बाहेरून हात घालून एक रेघ ओढायची आणि म्हणायची, "गोळी दाखव. जिभेखाली ठेवली नाहीस ना?"

पाचव्या रेघेनंतर मी उठून बाहेर निघालो, तर म्हणाली, "थांब. आधी हस."