बांगड्यातला लाल पट्टा आणि माझी आई

गेल्या शनिवारी अकरावीचा वर्ग घेऊन मुरुडच्या मासळी बाजारात गेले. पेशी ऊर्जा कशी तयार करतात हा धडा दोनदा शिकवूनही पोरांच्या डोक्यात शिरत नव्हता...

त्या बाजारात माझी आई बसते. मासे विकूनच तिने मला एमएस्सी केलं. आठवडाभर तिची मनधरणी चालली होती. "मी चौथी शिकलेली बाय, मी काय सांगनार? पोरांम्होरं तुझी लाज जाईल," एवढंच तिचं. शेवटी म्हटलं, तू फक्त मासे काप, बोलायचं मी बघते.

तिने बांगडा कापला. पांढऱ्या मांसात कडेने काळपट लाल पट्टा दिसला. मी सांगितलं, दिवसभर संथ पोहायचं काम या पट्ट्याचं. याच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया ठासून भरलेले... ऑक्सिजन वापरून ते सतत ऊर्जा पुरवतात. पांढऱ्या मांसातल्या पेशी झटक्यात पळण्यासाठी. त्या ऑक्सिजनची वाट न बघता साखर फोडतात, पण लवकर दमतात.

सना नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, सगळ्या माशांत हा पट्टा एवढाच असतो?"

मी तोंड उघडायच्या आत आईने कुपा, म्हणजे ट्यूना मासा, पुढे ओढला.

"न्हाय गं बाय. ह्यो कुपा बघ, रातंदिस पवतो. म्हनून किती लाल हाय! नि ही चपटी लेप मासळी... वाळूत पडून ऱ्हाते. पांढरीफेक." मग पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या काळ्या मांसात तेल लई. म्हनून वास बी लवकर मारतो."

सना ओरडलीच, "म्हणजे हेच तेल जाळून तो एवढा पोहतो!"

मी नुसती मान हलवली. सोमवारी जे शिकवणार होते, ते आईने तिथेच संपवलं होतं. पुढचा अर्धा तास पोरं तिच्याभोवती... माझी कुणाला आठवणही नव्हती.

सोमवारी जर्नल्स तपासायला आली. सनाच्या जर्नलमध्ये 'मार्गदर्शक' या शब्दापुढे लिहिलं होतं, 'मॅडमच्या आई आणि मॅडम'. त्याच क्रमाने.

मी खाली सही केली. इतक्या वर्षांत एवढ्या अभिमानाने कुठेच केली नव्हती.